यूपीएस ओरडायला लागला की आधी मोजा, मग हात लावा

यूपीएसचा बीप सुरू झाला की नव्या माणसाचा हात आपोआप समोरच्या बटणाकडे जातो. तेवढं एक टाळलं तरी निम्मं काम झालं. लहान यूपीएसला बहुतेक वेळा एकच बटण असतं आणि ते किती वेळ दाबलं यावर त्याचा अर्थ बदलतो. टिचकीसारखं दाबलं तर आवाज बंद, दोन-तीन सेकंद धरून ठेवलं तर यूपीएसच बंद. गडबडलेला माणूस बटण धरूनच ठेवतो. मग टॅलीतली अर्धवट एन्ट्री, काउंटरवरचं बिल आणि कोपऱ्यातला सर्व्हर, सगळं एकदम जातं आणि खापर फुटतं लाईटवर.

नवी पेठेतलं दुकान, जुळे सोलापुरातला दवाखाना, भवानी पेठेतली पॅथॉलॉजी लॅब, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचं ऑफिस, अशा ठिकाणी ज्याच्याकडे यूपीएसची जबाबदारी नव्यानेच आली आहे, त्याच्यासाठी हे लिहिलं आहे. इथली माहिती ६०० व्हीए ते ३ केव्हीएपर्यंतच्या यूपीएसला लागू पडते (व्हीए, केव्हीए म्हणजे यूपीएसच्या क्षमतेचा आकडा). त्याहून मोठा, म्हणजे ६ किंवा १० केव्हीएचा असेल, तर त्याच्या बॅटरी बँकेत १९२ ते २४० व्होल्ट डीसी असतात. तिथे तुमचं काम आवाज ऐकणं, स्क्रीन वाचणं, लिहून ठेवणं आणि फोन करणं एवढंच. कव्हर उघडायचं नाही.

आधी बघा, ओरडतंय कोण

हे वाचून हसू येईल. पण एकाच टेबलाखाली दोन यूपीएस, वर इन्व्हर्टर, दाराला बायोमेट्रिक आणि शेजारी स्टॅबिलायझर असेल तर नेमका आवाज कुणाचा हे कानाला कळत नाही. खाली वाका आणि प्रत्येकाचा दिवा बघा. ज्याचा दिवा बीपच्या तालावर लुकलुकतो तो आपला. चांगल्या यूपीएसचं बटण दाबून शेजारचं मशीन बंद पाडल्याचे प्रकार वाटतात त्यापेक्षा जास्त घडतात.

मग त्याची जात ओळखा. ६०० व्हीए, १ केव्हीएचे डबे बहुतेक लाईन-इंटरॅक्टिव्ह असतात. लाईट चालू असेपर्यंत ते महावितरणचीच लाईट पुढे सोडतात, व्होल्टेज हललं की आत ‘कट्ट’ असा रिलेचा आवाज येतो आणि लाईट गेली की काही मिलिसेकंदांत बॅटरीवर जातात. दुसरा प्रकार ऑनलाइन. त्याचा पंखा चोवीस तास फिरतो, समोर स्क्रीन असते, आणि आत एसीचं डीसी आणि डीसीचं पुन्हा एसी सतत चालू असल्याने बॅटरीवर जाताना क्षणभराचाही खंड पडत नाही. ‘बायपास’चा, म्हणजे यूपीएस बाजूला पडून मशीन थेट महावितरणच्या लाईटवर गेल्याचा अलार्म तुम्हाला ऑनलाइनवरच भेटेल.

घड्याळ लावून बीप मोजा

मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू करा आणि तीस सेकंदांत किती बीप झाले ते मोजा. ताल कळला की निदान निम्मं झालं. बाजारातल्या बऱ्याच ऑनलाइन यूपीएसचा ताल असा असतो: चार सेकंदांनी एक बीप म्हणजे बॅटरीवर चालू, दर सेकंदाला एक म्हणजे बॅटरी संपत आली, सेकंदाला दोन म्हणजे ओव्हरलोड, दहा सेकंदांनी एक म्हणजे बायपास, आणि न थांबता लांब सूर म्हणजे फॉल्ट. काही कंपन्या बॅटरीवर गेल्यावर तीस सेकंदांनी एकदम चार बीप देतात. म्हणून स्वतःच्या मॉडेलच्या पुस्तिकेतलं ते एक पान शोधा, त्यातल्या ओळी मोठ्या अक्षरात लिहून यूपीएसवर चिकटवा. सोलापूरच्या पूर्व भागात रात्रपाळीचा वॉचमन मराठीपेक्षा तेलुगू सराईत वाचत असेल तर तेलुगूतही लिहा. स्टिकर त्याच्यासाठी आहे, मालकासाठी नाही.

आवाज बंद करायला हरकत नाही, पण मोजून आणि स्क्रीनचा फोटो काढून झाल्यावर. बॅटरी संपत आल्याचा आणि फॉल्टचा अलार्म अनेक मॉडेलमध्ये बंद होतही नाही, आणि ते बरंच आहे.

लाईट गेली आहे आणि चार सेकंदांनी बीप येतोय

हा अलार्म बिघाडाचा नाही. यूपीएस आपलं काम करतोय आणि तुम्हाला वेळ मोजायला सांगतोय.

१. जिथे आहात तिथे काम सेव्ह करा. ‘येईल आत्ता’ म्हणत बसू नका.

२. स्क्रीन असेल तर बॅटरीची टक्केवारी आणि लोड, म्हणजे जोडलेल्या मशीनचा भार, बघा. स्क्रीन नसेल तर लाईट गेल्याची वेळ कागदावर टिपा.

३. ज्याची गरज नाही ते बंद करा: दुसरा मॉनिटर, स्पीकर, कुणीतरी लावलेला मोबाइल चार्जर. राउटर चालू राहू द्या, तो दहा-पंधरा वॅट खातो.

४. पाच मिनिटांत लाईट आली नाही तर सर्व्हर किंवा मुख्य कॉम्प्युटर रीतसर शटडाउन करा. लॅबमध्ये मशीनवर चालू असलेली रन पूर्ण होणार असेल तरच थांबा, नवी ट्यूब लावू नका.

५. सगळं बंद झाल्यावर यूपीएसही बटणाने बंद करा. रिकामा यूपीएस चालू ठेवला तर त्याच्या आतला इन्व्हर्टर स्वतःच बॅटरी खात बसतो.

पाचच मिनिटं का? ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-अवर) एकच बॅटरी असते. कागदावर ती ८४ वॅट-अवर होते, पण तो आकडा वीस तासांत हळूहळू वीज काढली तरचा. मिनिटांत खेचली तर निम्म्याच्या आसपास हाती लागते. मॉनिटरसकट कॉम्प्युटर १०० ते १२० वॅट खात असेल तर नव्या बॅटरीवर पंधरा-वीस मिनिटं, दोन उन्हाळे काढलेल्या बॅटरीवर पाच-सात. आणि सेकंदाचा बीप सुरू झाला की पुढे एक-दोन मिनिटंच उरतात. विंडोज अपडेट करत बंद होणारा कॉम्प्युटर तेवढ्यात बंद होत नाही. यूपीएसला यूएसबी पोर्ट असेल तर केबल लावून आपोआप शटडाउनची सोय करून टाका. रात्री ऑफिस रिकामं असताना हे सगळं करायला तुम्ही नसता.

लाईट परत आली म्हणजे बॅटरी भरली असं नाही. पूर्ण चार्जला सहा ते आठ तास लागतात. मे महिन्यातल्या वळवात संध्याकाळी चारदा लाईट जाते तेव्हा चौथ्या वेळी बॅकअप दोन मिनिटांवर आलेला असतो. बॅटरी खराब झालेली नसते, उपाशी असते.

लाईट आहे तरी बॅटरीवर

‘लाईट हाय की ओ, मग ह्यो का वरडायलाय?’ सर्वांत जास्त फोन याच प्रश्नासाठी होतात. ट्यूब पेटली आहे म्हणजे यूपीएसला हवी तशी लाईट मिळते आहे, असं नसतं. या क्रमाने बघा.

पहिला, बोर्डाचं बटण आणि प्लग. झाडू मारताना प्लग अर्धा निघतो. एक्स्टेंशन बोर्डावर लावला असेल तर त्याचं बटणही बघा. यूपीएस मुळात एक्स्टेंशनवर नसावाच, भिंतीतल्या तीन पिनी सॉकेटवर थेट असावा.

दुसरा, यूपीएसच्या मागची बाजू. काही डब्यांना मागे छोटं काळं बटण असतं. आतला ब्रेकर उडाला की ते बाहेर येतं. एकदा आत दाबा. पुन्हा उडालं तर लोड किंवा आतला दोष, तिसऱ्यांदा दाबू नका. काही मॉडेलमध्ये पॉवर केबल जिथे घुसते त्या सॉकेटच्या खाली नखाने ओढता येईल असा बारीक ड्रॉवर असतो. प्लग काढून तो ओढला की काचेचा फ्यूज दिसतो, अनेकदा शेजारी एक जादाचाही ठेवलेला असतो. फ्यूजच्या टोपणावर कोरलेला अँपिअरचा आकडा वाचून तेवढाच घाला. तार गुंडाळून चालवलेला फ्यूज पुढच्या वेळी सर्किट बोर्ड जाळतो.

तिसरा, व्होल्टेज. आपल्याकडे सिंगल फेज २३० व्होल्ट धरली जाते. लाईन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस साधारण १४५ ते २९० व्होल्टपर्यंत सांभाळून घेतो (पट्टा मॉडेलप्रमाणे बदलतो), त्याबाहेर गेलं की बॅटरीवर उडी मारतो. स्क्रीनवर इनपुटचा आकडा दिसतो. नसेल तर वायरमनकडून मल्टिमीटरने सॉकेटवर मोजून घ्या. कारखान्यांच्या पाळीच्या वेळी शेवटच्या टोकाच्या गाळ्यात व्होल्टेज घसरतं, तेव्हा यूपीएस दर काही मिनिटांनी बॅटरीवर जाऊन परत येतो. दिवसभर असं चाललं की बॅटरीला भरायला सवडच मिळत नाही. याला उपाय यूपीएस बदलणं नाही. आधी आपल्याच वायरिंगची जाडी आणि ढिली टर्मिनल बघा, मग पुढे योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर.

आता जास्त व्होल्टेजबद्दल, कारण इथे मिनिटांचा नाही, सेकंदांचा प्रश्न आहे. इनपुट २८०, ३०० असं दिसत असेल, बल्ब नेहमीपेक्षा लख्ख झाले असतील, पंखा वेगळाच आवाज करत असेल आणि त्याच वेळी शेजारच्या गाळ्यात दिवे मंद झाले असतील, तर थ्री फेजचा न्यूट्रल कुठेतरी तुटला किंवा ढिला झाला आहे. न्यूट्रल सुटला की तीन फेजवरचे लोड एकमेकांशी मालिकेत येतात. ज्या फेजवर लोड कमी त्यावर व्होल्टेज चढतं, ते थेट ४०० च्या दिशेने. यूपीएसचा बीप इथे तुमचा पहिला इशारा असतो, कारण तो ट्यूब फुटायच्या आधी ओरडतो. मेन स्विच लगेच पाडा. यूपीएसचा प्लग काढा. महावितरणला १९१२ वर कळवताना ‘लाईट गेली’ म्हणू नका, ‘न्यूट्रल गेला आहे, व्होल्टेज जास्त येतंय’ असं सांगा. सगळ्या फेज नीट मोजल्याशिवाय मेन पुन्हा चढवायचा नाही.

चौथा, जनरेटर. जनरेटर घरघरतोय, दिवे पेटलेत आणि यूपीएस मात्र बॅटरीवरच बसून आहे. जनरेटरची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या आसपास डोलत असते आणि यूपीएसला ते डोलणं पटत नाही. स्क्रीनवर फ्रिक्वेन्सी वर-खाली होताना दिसेल. जनरेटर स्थिर व्हायला मिनिटभर द्या, त्यावरचे जड लोड एकेक करून चढवा. तरीही नाही जमलं तर यूपीएसच्या सेटिंगमध्ये फ्रिक्वेन्सीचा पट्टा रुंद करता येतो, काही मॉडेलमध्ये त्याला जनरेटर मोडच म्हणतात. यूपीएसच्या क्षमतेच्या दीडपट ते दुप्पट जनरेटर असला तर ही कटकट सहसा होत नाही.

पाचवा, ‘साइट वायरिंग फॉल्ट’ किंवा फेज-न्यूट्रल उलट असल्याचा दिवा. लोक याकडे दुर्लक्ष करतात कारण कॉम्प्युटर चालूच असतो. वायरमनला सॉकेटवर तीन मोजमापं घ्यायला सांगा: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळजवळ सारखी आणि तिसरं ३ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. फेज-अर्थ शून्य आणि न्यूट्रल-अर्थ २३० असेल तर वायरी उलट जोडल्या आहेत. फेज-अर्थवर ७०, १०० असे भटके आकडे दिसले तर अर्थ कुठेच पोचलेला नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा पार वाळून जातो आणि जानेवारीत चांगली असलेली अर्थिंग एप्रिलमध्ये नापास होते. खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी टाकायचं काम कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवा, ‘सगळ्यांचं काम’ ठेवलं तर खड्डा कोरडाच राहतो.

सेकंदाला दोन बीप: ओव्हरलोड

शेवटी काय लावलं होतं ते आठवा, ते काढा. दहापैकी आठ वेळा एवढंच असतं.

गोंधळ होतो तो व्हीए आणि वॅटमध्ये. ६०० व्हीएचा यूपीएस ६०० वॅट देत नाही, स्वस्त मॉडेल ३६० वॅटच देतं. मागच्या पट्टीवर दोन्ही आकडे छापलेले असतात, तुम्ही वॅटचा बघा आणि त्याच्या ७०-७५ टक्क्यांपर्यंतच भरा. लेझर प्रिंटर कधीही यूपीएसवर नको. नुसता बसलेला असताना तो काही खात नाही, म्हणून लावताना सगळं छान चालतं. पण पान काढायला आतला रोलर तापतो तेव्हा काही सेकंद ८००-१००० वॅट ओढतो. नेमक्या त्याच क्षणी लाईट गेली की यूपीएस एक बीपही नीट न देता बसतो. फ्रिज, वॉटर प्युरिफायरचा पंप, एक्झॉस्ट, शिलाई मशीन, तुळजापूरहून येणाऱ्या पाहुण्यांसाठी लावलेला टेबल फॅन, हे सगळं रॉ सप्लायवर, म्हणजे यूपीएस नसलेल्या साध्या सॉकेटवर.

सॉकेटांवर लाल आणि हिरवा ठिपका लावायची पद्धत चांगली आहे: लाल म्हणजे यूपीएस सप्लाय, विचारल्याशिवाय काही लावायचं नाही. काही यूपीएसच्या मागे दोन प्रकारची सॉकेट असतात, बॅटरी बॅकअपची आणि नुसत्या सर्जपासून, म्हणजे व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून, वाचवणारी. मॉनिटर दुसऱ्या प्रकारात लावला असेल तर लाईट जाताच स्क्रीन काळी होते आणि माणूस म्हणतो, ‘यूपीएस गेला.’ यूपीएस चांगला असतो.

ओव्हरलोडने बंद पडलेला यूपीएस चालू करताना आधी सगळे प्लग काढा, यूपीएस रिकामा चालू करा, मग एकेक जोडा आणि प्रत्येक वेळी लोडची टक्केवारी बघा.

बॅटरीचा अलार्म

‘बॅटरी बदला’ असा दिवा किंवा काही तासांनी येणारा तुटक बीप दिसला की लगेच बाजारात पळू नका. दोन गोष्टी आधी तपासा: बॅटरीची जोडणी ढिली आहे का, आणि बॅटरी पूर्ण चार्ज होती का. यूपीएस आठ-दहा तास सलग लाईटवर ठेवा आणि मग सेल्फ टेस्ट करा. तरी अलार्म आला तर मोजायची वेळ आली.

यूपीएसमधल्या या एसएमएफ (सीलबंद) बॅटरीत पाणी घालायचं नसतं. लाईट चालू असताना, म्हणजे चार्जर देत असताना, प्रत्येक बॅटरीवर १३.५ ते १३.८ व्होल्ट हवेत. तीन बॅटऱ्यांच्या १ केव्हीए ऑनलाइनवर एकूण ४१ च्या आसपास. १४.५ वर जात असेल तर चार्जर बिघडला आहे, नवी बॅटरी घातली तरी तीही फुगेल. लाईटपासून तोडून काही तास ठेवल्यावर चांगली बॅटरी १२.७ च्या वर दाखवते. पण इथेच लोक फसतात. मेलेली बॅटरीही लोड नसताना १२.६ दाखवू शकते. खरी परीक्षा लोडवर: निम्म्या लोडवर यूपीएस बॅटरीवर चालवा आणि जाणकाराकडून प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज बघून घ्या. बाकीच्या १२ च्या आसपास थांबल्या आणि एक मिनिटभरात १०.५ खाली गेली, तर दोषी सापडली. तरीही बदलताना संच पूर्ण बदला. नव्या-जुन्या एका माळेत जोडल्या की जुनी आधी रिकामी होते आणि भरताना नवीवर जास्त व्होल्टेज चढतं, सहा-आठ महिन्यांत नवीही जुनीच्या वाटेने जाते.

सोलापुरात बॅटरी लवकर का बसते, तर उष्णतेमुळे. या बॅटऱ्यांचं आयुष्य २५ अंशांना मोजलेलं असतं आणि वर दर १० अंशांमागे ते साधारण निम्मं होतं. एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळिशी ओलांडलेली, वर पत्र्याचं शेड, यूपीएस टेबलाखाली भिंतीला चिकटून आणि त्यावर फायलींचा गठ्ठा. चार वर्षं छापलेली बॅटरी दोन वर्षांत जाते यात नवल नाही. एसी मालकाच्या केबिनला आणि यूपीएस जिन्याखाली, ही मांडणी बदलायची हिंमत असेल तर बदला.

६०० व्हीएची एक बॅटरी बदलणं शिकून घेता येतं. अंगठी, घड्याळ, हातातलं कडं काढा. यूपीएस बंद करा, प्लग काढा, मागचे सगळे लोड काढा आणि पाच मिनिटं थांबा. डबा आडवा करून खालचे स्क्रू काढा (बॅटरीचं झाकण वेगळं असलेलंच मॉडेल स्वतः उघडा, नसेल तर मेकॅनिककडे न्या). जुन्या बॅटरीचा फोटो काढा. आधी काळी, मग लाल वायर काढा. वायर धरून ओढू नका, वायरीच्या टोकाचं चपटं लग चिमट्यात धरून हलवत काढा. नवी बॅटरी घेताना १२ व्होल्ट, एएचचा आकडा, लांबी-रुंदी आणि टर्मिनलच्या पात्याची रुंदी जुळवा. पातं ४.८ मिलिमीटर किंवा ६.३५ मिलिमीटर असतं. रुंद लग अरुंद पात्यावर बसवलं तर ते बसल्यासारखं दिसतं, पण ढिलं राहतं, तापतं आणि महिन्याभरात पुन्हा तोच अलार्म. हातात घेऊन वजन बघा, ७ एएचची बॅटरी दोन किलोच्या आसपास भरते. खूप हलकी लागली तर आत शिसं कमी. उत्पादनाची तारीख सहा महिन्यांहून जुनी असेल तर दुसरी मागा, दुकानातही ती स्वतःहून उतरतच असते. जोडताना आधी लाल, मग काळी. शेवटची वायर टेकताना बारीक ठिणगी उडते ती आतले कपॅसिटर भरत असल्याची, घाबरून वायर अर्धवट सोडू नका. लाल-काळी उलट झाली तर मात्र सर्किट त्याच क्षणी जातं.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेता त्याच दुकानात द्या आणि मोड म्हणून तिचे पैसे वळते करून घ्या.

फुगलेली, चिरलेली किंवा सडक्या अंड्यासारखा वास येणारी बॅटरी ही वेगळी गोष्ट. तिथे मोजमाप नाही. शक्य तर मेनकडूनच यूपीएसची लाईन पाडा, दारं-खिडक्या उघडा, माणसं बाहेर काढा आणि त्या खोलीत कोणतंही बटण दाबू नका, उदबत्तीही विझवा. धूर किंवा ज्वाळा दिसल्या तर पाणी मारायचं नाही, कार्बन डायऑक्साइड किंवा एबीसी पावडरचा सिलिंडर, आणि १०१ ला फोन.

न थांबणारा लांब सूर

हा फॉल्ट. स्क्रीनवर कोड असेल तर आधी त्याचा फोटो, कारण बंद केलं की कोड पुसला जातो. मग पुढचं एकदाच करा: सगळे लोड काढा, यूपीएस बंद करा, प्लग काढा, दहा मिनिटं थांबा, रिकामाच चालू करा. सूर गेला तर लोड एकेक जोडा, ज्या मशीनला पुन्हा सूर लागला ते मशीन शॉर्ट आहे. रिकाम्यालाही सूर लागला तर काम मेकॅनिकचं. पुन्हा पुन्हा चालू-बंद केल्याने आतले उरलेले भागही जातात.

एक फॉल्ट मात्र सोलापूरचा खास म्हणावा असा. स्क्रीनवर तापमानाचा कोड, हाताला डबा चटका देणारा, आणि पंख्याचा आवाज नाही. मागची जाळी टॉर्च लावून बघा. लूमच्या (यंत्रमागाच्या) शेडजवळच्या ऑफिसात कापसाचे बारीक तंतू हवेत असतात आणि पंखा ते दिवसभर आत ओढतो. जाळीवर त्यांचा नमद्यासारखा करडा थर बसतो, सुरीच्या टोकाने उचलला तर अख्खा एक तुकडा निघून येतो. त्या थराआडून हवा जात नाही, आतला इन्व्हर्टर तापतो. यूपीएस बंद करून, प्लग काढून, कोरड्या ब्रशने जाळी झाडा आणि ब्लोअर बाहेरून मारा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं काडीने अडवून धरा, नाहीतर तो उलटा गरगरतो आणि बेअरिंग जातं. ओलं फडकं नको. लूमजवळ दर पंधरा दिवसांनी, इतरत्र दोन महिन्यांनी. चारी बाजूंनी वीतभर जागा मोकळी ठेवा.

बायपास

दहा सेकंदांचा बीप आहे, सगळं चालू आहे, म्हणून कुणी लक्ष देत नाही. पण आत्ता तुमचा सर्व्हर थेट महावितरणच्या लाईटवर आहे आणि ती गेली की तोही जाणार. सेव्ह करा, लोड बघा. ओव्हरलोडने गेला असेल तर लोड कमी केल्यावर स्वतः परत येतो. कुणी साफसफाईनंतर मागचा मेंटेनन्स स्विच तसाच विसरला असेल तर तो तुम्ही फिरवू नका, फिरवण्याचा क्रम चुकला तर यूपीएस जळतो.

मेकॅनिकला फोन करताना

‘यूपीएस ओरडतोय’ एवढंच सांगितलं तर तो रिकाम्या हाताने येईल आणि बॅटरी आणायला परत जाईल. यूपीएसशेजारी दोरीला वही बांधून ठेवा आणि प्रत्येक अलार्म या धर्तीवर लिहा:

‘१४ मे, दु. ३.४०. लाईट चालू. चार सेकंदांनी एक बीप. इनपुट १३८, आउटपुट २२९, लोड ४२ टक्के, बॅटरी ८० टक्के. शेजारच्या गाळ्यातही दिवे मंद. सेव्ह करून सर्व्हर बंद. ३.५५ ला इनपुट २१५, बीप थांबला.’

फोनवर हेच वाचून दाखवा. सोबत मॉडेल नंबर, बॅटऱ्या किती आणि कोणत्या एएचच्या, शेवटच्या कधी बदलल्या आणि अलीकडे यूपीएसवर काय नवं जोडलं एवढं सांगा. महिन्यातून एकदा शनिवारी संध्याकाळी, काम सेव्ह असताना, यूपीएसचा इनपुट भिंतीतल्या बोर्डाच्या बटणाने बंद करून किती मिनिटं चालतो तेही त्याच वहीत लिहा. प्लग उपटून नाही, कारण त्याने अर्थिंगही तुटते. मार्चमधली मिनिटं जानेवारीच्या निम्मी आली, तर बॅटऱ्यांची ऑर्डर एप्रिल उजाडायच्या आत द्या.